आकडा म्हणजे मार्क नव्हेत

"काय रे, आज किती?" मेसच्या रांगेत हा प्रश्न मला जवळजवळ रोज येतो. बाकीच्यांना तो अटेंडन्सबद्दल विचारतात, मला शुगरबद्दल. मी १४० म्हणालो की "वा, मस्त!" आणि २३० म्हणालो की "काल गुलाबजाम हाणलेस वाटतं!" विचारणारे सगळे दोस्तच, त्यामुळे राग नाही. पण या प्रश्नाबद्दल माझं एक ठाम मत आहे, आणि ते मासिकात छापून आलं तर रोज तोंडी सांगायचा त्रास वाचेल. मित्रांनो, मीटरवरचा आकडा म्हणजे मार्क नव्हेत. निदान आपण इंजिनीअरिंगवाल्यांनी तरी तो मार्कांसारखा वाचू नये.

मला अकरावीपासून टाइप १ डायबेटिस आहे. हा गोड खाऊन होत नाही. शरीराची संरक्षणव्यवस्था इन्सुलिन बनवणाऱ्या स्वतःच्याच पेशींना शत्रू समजून मारून टाकते, मग इन्सुलिन बाहेरून घ्यावं लागतं. टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला जानेवारी १९२२ मध्ये इन्सुलिन दिलं गेलं, तोपर्यंत या आजारावर उपासमारीच्या डाएटपलीकडे काही उपाय नव्हता. म्हणजे आज मी तुमच्यासोबत लास्ट बेंचवर बसतो हीच मुळात मोठी गोष्ट आहे. असो.

आता थोडं कंट्रोल सिस्टिम्स. (झोपू नका, अटेंडन्स घेणार नाही!) मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. शुगर १०० म्हणजे दर डेसिलिटरमागे १०० मिलिग्रॅम ग्लुकोज. गुणाकार करा: सगळ्या रक्तात मिळून फक्त पाच ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा! आणि आपल्या मेसच्या चार पोळ्या आणि भात यांतून शंभर ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट आत जातं. एवढ्याशा टाकीत एवढा मोठा नळ सोडायचा आणि लेव्हल मात्र ठराविक रेषांमध्ये ठेवायची. तुमच्या शरीरात हे काम ऑटोमॅटिक होतं. माझ्याकडे मॅन्युअल व्हॉल्व्ह आहे, आणि त्यात डिलेही आहे. जेवणाआधीचं इन्सुलिन टोचल्यावर पंधरा मिनिटांनी काम सुरू करतं, तास-दोन तासांत जोरात येतं आणि तीन-चार तास रेंगाळतं. एकदा आत गेलं की अनडू नाही. ज्या लूपमध्ये एवढा डिलेे असतो, तिथे आउटपुट वरखाली हलणारच. हे आपण परीक्षेत पाच मार्कांना लिहितो, पण मेसमध्ये विसरतो.

म्हणूनच १४० आणि १४० यांत फरक असतो. जेवून तीन तास झालेत आणि आकडा १४० वर स्थिर आहे, तर निवांत झोपावं. दुपारचं इन्सुलिन अजून अंगात आहे, आकडा घसरतोय आणि आता व्हॉलीबॉलला जायचंय, तर तोच १४० म्हणजे आधी दोन केळी खा असा निरोप आहे.

शिवाय खाणं हे फक्त एक इनपुट. पहाटे काही हॉर्मोन्स वाढतात, लिव्हर ग्लुकोज सोडतं, आणि रात्री काही न खाता सकाळी मीटर १८० दाखवतो. व्हायवाला एक्स्टर्नल समोर बसले की अ‍ॅड्रेनलिनने शुगर चढते, त्यात गुलाबजामचा काही संबंध नसतो. चुरशीच्या मॅचमध्ये ती वर जाते आणि त्याच मॅचचा परिणाम म्हणून रात्री तीनला खाली येते. ताप, जागरण, मे महिन्यात खोलीत तापून कमजोर झालेलं इन्सुलिन, आंबा खाऊन न धुतलेलं बोट, हे वेगळंच. आणि मीटर स्वतः? घरच्या मीटरसाठी आयएसओचं २०१३ चं स्टँडर्ड आहे. त्यात १०० च्या वरच्या रीडिंगला अधिक-उणे १५ टक्के चालतात. म्हणजे २०० दिसले तरी खरे १७५ असू शकतात. आपल्या लॅबमध्ये एवढी एरर आली तर सर जर्नल परत करतात!

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मार्कांसारखा आकडा वाचला की माणूस तो लपवायला लागतो. माझ्या ओळखीचा एक ज्युनिअर बाथरूममध्ये जाऊन इंजेक्शन घेतो, कुणी काही बोलू नये म्हणून. पेपरमध्ये शुगर लो होऊ नये म्हणून मुद्दाम ती चढती ठेवणारेही आहेत. एका परीक्षा केंद्रावर माझी ग्लुकोजच्या गोळ्यांची डबी सुपरवायझरनी बाहेर ठेवायला लावली. सीबीएसईने २०१७ मध्येच डायबेटिस असलेल्या मुलांना बोर्डाच्या पेपरला खाऊ जवळ ठेवायची परवानगी दिली होती. मग सेमिस्टरच्या पेपरला त्या गोळ्यांत कॉपी लपते का?

मेस कमिटीलाही एक सांगणं आहे. बोर्डावर जेवण आठला लिहिलेलं असतं, पोळ्या येतात पावणेनऊला. तुम्हाला तेवढाच गप्पांना वेळ. मी मात्र पावणेआठला इन्सुलिन घेतलेलं असतं, ते काही पोळ्यांची वाट बघत थांबत नाही. तेव्हा माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा वगैरे करू नका, खरी वेळ तेवढी लिहा.

आणि "आज किती?" ऐवजी "वर चाललीय की खाली? जेवलास का?" असं विचारलंत तर मी मनापासून उत्तर देईन.

शेवटचं रेक्टर सर, वॉचमनकाका आणि विंगमधल्या सगळ्यांसाठी. शुगर ७० च्या खाली गेली की घाम येतो, हात थरथरतात. आणखी उतरली की जीभ जड होते, माणूस भलतंच बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो. बघणाऱ्याला वाटतं, पिऊन आलाय. पिऊन आलाय का ते नंतर बघा, आधी साखर द्या. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन-चार चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात घालून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा मीटर लावा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा चढते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये ग्लुकोज पावडरचा एक डबा कायम ठेवावा असा अर्ज मी दिला आहे, त्यावर सह्या करायला अजून जागा आहे. तोपर्यंत माझा डबा टेबलाच्या वरच्या ड्रॉवरमध्ये आहे, निळ्या झाकणाचा. ड्रॉवरला कुलूप नाही.