तात्या विंचू चकीची झेरॉक्स नाही

‘झपाटलेला’चा विषय निघाला की ऑफिसच्या कँटीनमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, “अरे, ती तर चकीची कॉपी!” आणि निकाल लागल्यासारखं सगळे पुढच्या विषयाकडे वळतात. माझ्या मते खरा विषय तिथून सुरू होतो.

उसनवारी आधी मान्य करून टाकू. ‘चाइल्ड्स प्ले’ १९८८चा, ‘झपाटलेला’ १९९३चा. मरणाच्या दारातला गुन्हेगार मंत्र म्हणून आपला आत्मा बाहुल्यात घालतो, हा सांगाडा तिकडचाच. पण बाहुला कुठला, हे कोणी बघत नाही. चकी हे दुकानातलं, कारखान्यातून निघालेलं खेळणं. पोराच्या हातात आपण काय आणून दिलं, ही आईबापांची भीती त्यात आहे. तात्या विंचू मात्र रंगमंचावरचा, बोलका बाहुला आहे. लक्ष्याला बोलक्या बाहुल्यांचे खेळ करायचे आहेत. त्याचा बाहुला बोलला तर लोक टाळ्याच वाजवणार! म्हणून हा खरंच बोलतो, असं लक्ष्या जीव तोडून सांगतो तेव्हा ते कोणाला पटत नाही. चकीच्या गोष्टीतल्या पोरावरही कोणी विश्वास ठेवत नाही, पण ते पोर आहे म्हणून. लक्ष्यावर ठेवत नाहीत, ते तो कलाकार आहे म्हणून.

नातंच लावायचं तर ते ‘डेड ऑफ नाइट’शी (१९४५) लावा. त्यात मायकेल रेडग्रेव्हचा शब्दभ्रमकार आपल्याच बाहुल्याच्या कह्यात जातो. किंवा अँथनी हॉपकिन्सच्या ‘मॅजिक’शी (१९७८). तिथे बोलतो कोण, बाहुला की माणसाचं बिघडलेलं डोकं, हा संशय राहतो. महेश कोठारेंनी तो संशय ठेवला नाही, त्याजागी विनोद भरला. ही उणीव म्हणा हवं तर, कॉपी नव्हे.

रिसोड तालुक्यातल्या आमच्या शाळेत बोलक्या बाहुल्यांचा खेळ घेऊन एक जण यायचे. त्यांचे ओठ हलताना आम्हाला दिसायचे, तरी सगळ्यांच्या नजरा बाहुल्यावरच. असा खेळ पाहिलेल्या वाशिमच्या पोराला तात्या विंचूची भीती कळायला इंग्रजी सिनेमा लागत नाही.

तात्याचा बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवला आणि कॅमेऱ्यासमोर हलवलाही. वडील य. के. पाध्ये यांच्या अर्धवटरावाचा वारसा त्यांच्याकडे होता, आणि स्वतः ते शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. डोळे केव्हा फिरवायचे, जबडा किती उघडायचा, मान कुठे वळवायची, हे कसब अमेरिकेतून उचललेलं नाही. ते इथे बापाकडून मुलाकडे आलं. दिलीप प्रभावळकरांचा तात्या आणि लक्ष्मीकांत बेर्डेंची उडालेली भंबेरी हीदेखील इथलीच मिळकत. ‘कॉपी’ या एका शब्दात या सगळ्यांची मेहनत पुसली जाते.

आम्ही सॉफ्टवेअरवाले दिवसभर दुसऱ्याचा कोड उसना घेतो. त्यात गैर काही नाही. मात्र दोन प्रश्न विचारावे लागतात: मूळ माणसाचं नाव ठेवलं का, आणि वर स्वतः काय रचलं? पहिला प्रश्न कोठारेंना जरूर विचारा. पण दुसऱ्याचं उत्तर न शोधता चोर म्हणू नका. चकीच्या कर्त्यांचं श्रेय मागताना पाध्यांचं नाव ठाऊक नसेल, तर तो न्याय नव्हे, नुसता इंग्रजीचा दरारा आहे.