रक्ताचे पाणी

ग्रामीण साहित्यावरील आपल्या चर्चासत्रांत ‘रक्ताचे पाणी करणारी माय’ हटकून येते आणि टाळ्या घेऊन जाते. आम्हांस या प्रतिमेचा वीट आला आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या; आधीच्या फेरीत त्या ४८ टक्के होत्या. शिरूर-दौंडच्या फडांत कोयता चालवणारी बाई सिझेरियनला वा गर्भाशय काढायला टेबलावर येते, तेव्हा बाहेरून चढवलेली एक पिशवी तिचे हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढवते. (पिशवीसाठी धावाधाव बहुधा नातेवाइकांचीच!) २०१९मध्ये बीडच्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. लोहाच्या गोळ्यांनी आणि पोटभर अन्नाने बऱ्याच अंशी जे टळले असते, त्याला समीक्षक ‘त्याग’ म्हणतात, आणि आपण तो शब्द परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत गुण देऊन पक्का करतो.