नेपोलियन मासा आणि जर्मन परवाना

जर्मनीला प्रवाळाचा समुद्र नाही; तरी आपल्या हिंदी महासागरातील एका अजस्र माशाचे शास्त्रीय नाव तिथलेच. फ्रँकफुर्टचे निसर्गसंशोधक एडुआर्ड रुप्पेल यांनी तांबड्या समुद्राचा प्रवास करून १८३५ साली त्याचे वर्णन छापले. कपाळावरच्या उंचवट्यामुळे लोक त्याला नेपोलियन म्हणतात. तो दोन मीटरपर्यंत वाढतो, तीस वर्षे जगतो. प्रवाळ फस्त करणारा काटेरी तारामासाही तो खातो. खडकाचा राखणदारच म्हणा ना.

२००४ साली बँकॉकच्या परिषदेत फिजी, अमेरिका व युरोपीय संघ यांच्या प्रस्तावावरून त्याचा व्यापार परवान्याखाली आला. जर्मनीत तो आणायचा तर बॉनच्या निसर्गसंरक्षण कचेरीचा कागद लागतो. उत्तम! पण खरे गिऱ्हाईक हाँगकाँगच्या उपाहारगृहांत बसले आहे. त्याला मासा जिवंत हवा, आणि ताटात मावेल एवढाच. इथेच घोडे पेंड खाते. हा मासा पाचएक वर्षांनी वयात येतो; काही माद्या पुढे नवव्या वर्षाच्या सुमारास नर होतात. ताटाएवढा मासा बहुधा एकदाही अंडी न घातलेला असतो. उलट मोठे नर रात्री कपारीत झोपतात आणि भाल्याला सहज सापडतात. पोरे गेली, बापही गेले, मग वंश कोणी वाढवायचा? इंडोनेशियाने २०१३ साली वजनाची अट घातली, ते योग्यच झाले. मात्र बंदरावर पेटी उघडून मासा तराजूत घालणारा माणूसही हवा.