काळाला परीक्षक नेमू नका

'काळाच्या कसोटीवर उतरते तेच श्रेष्ठ' हे वाक्य आम्ही साहित्य शिकवणारी माणसे वर्षानुवर्षे वर्गात उच्चारत आलो आहोत. अभिजाततेच्या प्रश्नाला इतके सोयीचे दुसरे उत्तर आमच्यापाशी नाही. या उत्तरातील लबाडी एका द्राक्षाच्या चरित्रातून उघड होते. द्राक्षाचे नाव कार्मेनेर. मूळ भूमी फ्रान्समधील बोर्दो.

बोर्दोच्या मेदोक परिसरातील तांबड्या वाइनमध्ये एकेकाळी या द्राक्षाला मान होता. १८६०च्या दशकात मुळांवर जगणारी फायलोक्झेरा ही कीड फ्रान्समध्ये पसरली आणि मळेच्या मळे उजाड झाले. अमेरिकी खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम करणे हा त्यावरचा उपाय ठरला. मात्र नव्या लागवडीत कार्मेनेरला जवळजवळ स्थान उरले नाही. ते चवीत उणे होते काय? मुळीच नाही. वसंत थंड आणि ओला गेला की त्याचा फुलोरा गळतो, मणी धरत नाहीत; शिवाय ते पिकते उशिरा. मळेवाल्यांचा हा हिशेब उत्पन्नाचा होता, आणि त्यांच्या जागी तो रास्तही होता. पण अशा हिशेबालाच पुढे 'काळाचा निवाडा' म्हणायचे, ही आपली खोड.

कीड येण्यापूर्वीच बोर्दोच्या वेलींच्या काड्या चिलीत पोहोचल्या होत्या. त्या देशात फायलोक्झेराला बस्तान बसवता आले नाही. तिथे कार्मेनेर मेर्लो या द्राक्षात मिसळून, मेर्लोच्याच नावाने जगले. मेर्लो पिकले की सरसकट तोडणी होई. कार्मेनेरचे घड तेव्हा कच्चेच असत. मग वाइनला हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास येई आणि बोल लागे तो 'चिलीच्या मेर्लो'ला. परक्या नावाने जगणाऱ्याचे गुणही दोष ठरतात ते असे.

२४ नोव्हेंबर १९९४ रोजी मोंपेलिएचे द्राक्षवेलतज्ज्ञ झाँ-मिशेल बूर्सिको यांनी मायपो खोऱ्यातील एका मळ्यात फुलांतील केसरांचा पीळ पाहिला आणि हे कार्मेनेर असल्याचे ओळखले. १९९८ मध्ये चिलीने त्याला स्वतंत्र वाण म्हणून मान्यता दिली.

'म्हणजे अखेर काळाने न्याय दिलाच की!' असे कोणी म्हणेल. हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. काळ शंभरहून अधिक वर्षे गप्प होता. न्याय केला तो पाने-फुले वाचायला शिकलेल्या एका डोळ्याने. आणि तो डोळा तिथे पोहोचेपर्यंत वेली जिवंत राहिल्या, हा निव्वळ योगायोग. ज्यांना असे चिली लाभले नाही, त्या वाणांची नावेही आपल्या कानी येणार नाहीत.

तेव्हा एखादे पुस्तक अभ्यासक्रमातून गळते, त्याची आवृत्ती पुन्हा निघत नाही, तेव्हा ते 'कसोटीवर उतरले नाही' असे सांगण्यापूर्वी एवढेच विचारावे : कसोटी कोणी घेतली होती? आणि ते पुस्तक आपण स्वतः उघडून पाहिले होते काय?