विश्लेषण : जुन्या कागदांना चोवीस तास एसी हवाच का?

पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद असोत की मुंबईच्या पुराभिलेखागारातल्या इंग्रजी आमदानीतल्या नोंदी, त्यांचे दोन शत्रू जुनेच आहेत : उष्णता आणि ओल. हवामान बदलामुळे दोन्हींचा जोर वाढतो आहे. मग सगळीकडे एसी बसवला की प्रश्न सुटेल?

कागदाला नेमका त्रास कशाचा?

उष्णतेने कागदाची रासायनिक झीज वेगाने होते. तापमान 5 अंशांनी कमी ठेवले तर आयुष्य साधारण दुप्पट होते, असा संवर्धकांचा ठोकताळा आहे. बुरशीचे गणित मात्र ओलीशी बांधलेले. सापेक्ष आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरू लागते.

मग एसीत अडचण काय?

हवा नुसती थंड केली तर आर्द्रतेची टक्केवारी वाढते. 30 अंशांची, 60 टक्के आर्द्रतेची हवा बाष्प न काढता 22 अंशांवर आणली, तर आर्द्रता 95 टक्क्यांच्या आसपास जाते. एसी थोडे बाष्प काढतो; पण खोली गार झाली की कॉम्प्रेसर थांबतो आणि ओल काढणेही थांबते. त्यात संध्याकाळी ऑफिस सुटताना एसी बंद केला, तर पावसाळ्यात रात्रभर दमट हवा गार कपाटांपर्यंत पोहोचते. म्हणजे विजेचे बिलही भरायचे आणि बुरशीही पोसायची.

जगात काय बदलले?

पूर्वी वर्षभर 20 अंश आणि 50 टक्क्यांच्या आसपासचा एकच आकडा धरून ठेवण्यावर भर असे. आता मोठ्या संग्रहालयांच्या ‘बिझो’ गटाने बहुतेक वस्तूंसाठी 16 ते 25 अंश आणि 40 ते 60 टक्के अशी मोकळीक मान्य केली आहे. ऋतूप्रमाणे सावकाश होणारा बदल चालतो. अचानक चढउतार नको.

जर्मनीत कोलोन शहराच्या 1971 मधल्या अभिलेखागाराने जाड विटांच्या भिंती आणि छोट्या खिडक्यांच्या जोरावर हवा स्थिर ठेवली होती. ही इमारत 2009 मध्ये कोसळली, पण शेजारच्या मेट्रोच्या कामामुळे. डेन्मार्कमधल्या वायले येथील भांडारात खालच्या जमिनीचा गारवा वापरतात आणि यंत्राने फक्त ओल काढतात.

महाराष्ट्रात हे जमेल?

जसेच्या तसे नाही. तिथली जमीन थंड आहे. कोकण-मुंबईत चार महिने बाहेरची हवाच ओली असते. पण क्रम उलटा करता येईल : आधी छताची गळती थांबवायची, छतावर उष्णतारोधक थर द्यायचा, दारे-खिडक्यांच्या फटी बुजवायच्या, मग ओल शोषणारी यंत्रे आणि शेवटी एसी. तोही गरजेपुरता. फिल्म आणि फोटोंना खरा थंडावा लागतो. जुना हातकागद मात्र लगद्याच्या आम्लयुक्त कागदापेक्षा चिवट असतो.

शेवटी प्रश्न एवढाच : पावसाळ्यात दोन दिवस वीज गेली, तर कागद कोण सांभाळणार? तेव्हा कामाला येतील त्या भिंती आणि छप्परच.