घरचें मत्स्यालय : शोभा कीं शिक्षण?

वाचकहो, आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं दिवाणखान्यांत कांचेची पेटी असते. तींत रंगीत मासे फिरतात. पाहुणा येतो, 'वा, काय सुंदर!' म्हणतो आणि चहाच्या पेल्याकडे वळतो. घरच्या मंडळींचेंही लक्ष याहून फारसें अधिक नसतें. मासा मेला तर दुसरा आणावा, पाणी गढूळ झालें तर सगळें ओतून द्यावें, एवढाच काय तो व्यवहार! अशा रीतीनें मासे ठेवण्यापासून मुलांस लाभ नाहीं, आणि माशांस तर नाहींच नाहीं, असें माझें स्पष्ट मत आहे. मासे पाळावयाचे तर एकच जोडी आणावी, तिच्या स्वभावास मानवेल असें घर तिला द्यावें आणि तिचीं पिलें वाढूं द्यावीं. हें मत मीं ठेंचा खाऊन बनविलें आहे, म्हणून त्या ठेंचांसकटच सांगतों.

सिक्लिड नांवाचें माशांचें एक मोठें कुळ आहे. त्याचा विस्तार मुख्यतः आफ्रिका व अमेरिका खंडांत असला, तरी गोव्यांत ज्यास काळुंदर आणि केरळांत करिमीन म्हणतात तो खाडीचा मासाही याच कुळांतला. यांपैकीं ज्या जाती बोटाएवढ्याच वाढतात त्यांस ठेंगणे सिक्लिड म्हणतात. माझ्या घरची जात मूळची पेरू देशाकडील, अमेझॉन नदीस मिळणाऱ्या उथळ व पालापाचोळ्यानें भरलेल्या ओढ्यांतील. नराच्या पाठीवरच्या परांतील पुढचे कांटे काकाकुव्याच्या तुऱ्यासारखे उभे राहतात. म्हणून १९५१ सालीं तिचें शास्त्रीय नांवच 'ॲपिस्टोग्रामा काकाटुओइडीस' असें ठेवण्यांत आलें. नर सुमारें आठ सेंटिमीटर लांब, मादी सुमारें पांच.

या जोडीस साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच एवढी पेटी पुरते. तींत सुमारें ५४ लिटर पाणी मावतें. तळाशीं बारीक वाळू, मागें पाणवनस्पती, आणि एका बाजूस नारळाची करवंटी, कडेला बोट जाईल एवढें भोंक पाडून, पालथी घालावी. हीच मादीची बाळंतिणीची खोली! आपल्याकडे जागोजागीं दिसणाऱ्या देशी बदामाचीं वाळून गळालेलीं पानें पाण्यांत टाकलीं म्हणजे त्यास चहासारखा रंग येतो व तें किंचित् आम्ल होतें. ज्यांत साबणाचा फेस होत नाहीं असें विहिरीचें जड पाणी या माशांच्या अंड्यांस मानवत नाहीं. त्यांत पावसाचें स्वच्छ पाणी मिसळावें लागतें.

सर्वांत कठीण काम मात्र पुढेंच आहे, आणि तें म्हणजे थांबणें. पेटी भरल्यावर चार ते सहा आठवडे तींत मासे सोडावयाचे नाहींत; रोज चिमूटभर खाद्य तेवढें टाकावयाचें. माशांच्या मलमूत्रापासून व कुजलेल्या अन्नापासून अमोनिया होतो आणि तो त्यांस विषच. त्याचें आधीं नायट्राइट व मग फारसें घातक नसलेलें नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतु वाळूंत व गाळणींत वाढावयास इतका काळ लागतो. मला धीर धरवला नाहीं. मीं तिसऱ्याच दिवशीं मासे सोडले आणि आठवड्याच्या आंत दोन्ही मेले. दुकानदारानें रोगट मासे दिले असें मीं घरांत सांगत सुटलों. पण दोष माझ्या उतावळेपणाचा होता.

दुसऱ्या जोडीच्या वेळीं नियम पाळला. एके दिवशीं सकाळीं पाहतों तों मादी हळदीसारखी पिवळीधमक झालेली, अंगावर काळे ठिपके उमटलेले, आणि आपल्याहून कितीतरी मोठ्या नरास ती करवंटीच्या दारापासून हुसकावून लावीत आहे! आंत छताला तांबूस अंडीं चिकटलेलीं होतीं. मला आनंद आवरेना. मीं शेजारच्या मुलांस बोलाविलें, करवंटी उचलली, विजेरी लावली आणि सर्वांस अंडीं दाखविलीं. सायंकाळीं तेथें एकही अंडें नव्हतें. मादीनें तीं खाऊन टाकलीं होतीं. धाकटी बहीण रडूं लागली, "ही कसली आई! हिला परत देऊन टाका." बाबा शांतपणें म्हणाले, "तिला धाक कोणी घातला, तें आधीं पाहा." त्या रात्रीं मला जेवण गेलें नाहीं.

पुढें वैशाखांत मादीनें पुन्हां अंडीं घातलीं. या खेपेस मीं पेटीच्या कांचेस बाहेरून कागद लावला आणि एका लहानशा फटींतूनच पाहिलें. तिसऱ्या दिवशीं अंडीं फुटलीं. आणखी पांच दिवसांनीं पिलें करवंटीबाहेर आलीं. आई पुढें, पिलांचा ढग मागें! नर जवळ आला कीं ती अंगास एक झटका देई व सारीं पिलें तत्काळ वाळूवर निपचित बसत. आर्टेमिया नांवाच्या सूक्ष्म कोळंबीसारख्या जीवाचीं अंडीं मिठाच्या पाण्यांत घालून सुमारें एका दिवसांत जे जीव निघतात, तेच त्यांचें अन्न. तें रोज ताजें करावें लागे. शेवटीं सव्वीस पिलें वाढलीं, आणि त्यांत माद्या अवघ्या तीन! पुढें वाचनांत आलें कीं, रोमर व बाइझेनहर्ट्स या जर्मन संशोधकांनीं १९९६ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले होते. ॲपिस्टोग्रामाच्या बहुतेक जातींत पिलें नर होणार कीं माद्या, हें आरंभींच्या आठवड्यांतील पाण्याच्या उष्णतेवर बरेंच अवलंबून असतें. पाणी ऊन, तर नर अधिक. आमच्या पेटीचें पाणी त्या उन्हाळ्यांत तीस अंशांवर गेलें होतें. पुस्तकांतलें शास्त्र आपल्याच घरांत घडत होतें, हें कळल्यावर जो आनंद झाला तो परीक्षेंतील गुणांनीं मला कधीं दिला नाहीं.

कोणी म्हणेल, यांत अभ्यासाचा वेळ जातो. त्यास माझें उत्तर असें कीं, सकाळ-सायंकाळ पाव पाव तास पुरतो, आणि तो चुकवितां येत नाहीं, हाच त्याचा गुण. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुक्या जीवास पेटींत कोंडावेंच कां? यास संपूर्ण उत्तर माझ्यापाशीं नाहीं. इतकेंच म्हणतों कीं, ज्यास योग्य पाणी, जागा आणि शांतता देतां येत नसेल, त्यानें मासे पाळूं नयेत.

आणखी एक गोष्ट. त्या सव्वीस पिलांचें पुढें काय करावयाचें, याचा मीं आधीं विचारच केला नव्हता. मोठे झालेले नर आपसांत भांडूं लागले. एका मित्रानें सुचविलें, 'नदींत सोड, सुखानें राहतील.' हें औदार्य नव्हे, अपराध आहे. मूळचा आफ्रिकेंतला व १९५२ सालीं आपल्या देशांत आणलेला तिलापिया, ज्यास आपल्याकडे चिलापी म्हणतात, हाही सिक्लिडच. तो आपल्या कित्येक जलाशयांत पसरला आणि मूळच्या माशांस तेथें जड झाला. परका मासा आपल्या पाण्यांत कधींच सोडूं नये. एकेक घर शोधून पिलें देतां देतां मला चार महिने लागले. म्हणून माझा नियम असा : अंडीं मोजण्याआधीं घरें मोजावीं.

विद्यार्थिबंधूंनो आणि भगिनींनो, आपणांस हा छंद लागला तर करवंटी उचलून पाहण्याचा मोह प्रत्येकास होईल, तो आवरा. आणि पालकांस विनंती अशी कीं, मुलानें जोडी मागितली तर द्यावी, पण पेटीचें काम त्याचें त्यालाच करूं द्यावें. त्याच्याही हातून चुका होतील. त्या वेळीं त्यास बोल लावण्यापेक्षां माझ्या बाबांनीं मला विचारलें तेवढेंच विचारावें.