धवलेरीचे भाषांतर

डहाणू-तलासरीतल्या वारली लग्नात भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचे चित्र, लिहितात सवासिणी आणि लग्न लावते धवलेरी. तिचे गाणे हाच विधी. इंग्रजी शोधनिबंधात मात्र ती ‘प्रीस्टेस’ होते, मराठीत आणली तर ‘स्त्री-पुरोहित’. म्हणजे भटजीच, फक्त लुगड्यातला. या उलथापालथीत हरवते ते नेमके अभ्यासाच्या कामाचे असते. धवळा म्हणजे लग्नगीत, आणि तेराव्या शतकात महदंबेने रचले ते धवळेच. मराठीच्या आद्य कवयित्रीचा काव्यप्रकार आणि पाड्यावर लग्न लावणारी बाई एकाच शब्दकुळातली दिसतात, हा धागा ‘प्रीस्टेस’मधून कुणाला सापडायचा? गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रे जगभर गेली; चित्राला दुभाष्या लागत नाही, गाण्याला लागतो. छोट्या भाषांची बाजू आपण अस्मितेच्या अंगाने मांडतो. आमच्या मते ती पुराव्याची बाजू आहे. मूळ शब्द छापलाच नाही, तर संशोधकाने लावलेला अर्थ तपासायचा कशावरून?

ज्ञान इंग्रजीतूनच दूरवर पोचते, असे यावर म्हटले जाईल. पोचते खरे, पण निघते कुठून? १९४५ च्या वारली उठावावर काम करणाऱ्याला गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’कडे यावेच लागते, आणि ते १९७० मध्ये आले मराठीत, इंग्रजी अवतार मागाहून. वारलीत पदार्थविज्ञान लिहा, असे कुणी म्हणत नाही. मागणी एवढीच, की भाषांतराशेजारी मूळ ओळ देवनागरीत असावी. स्कोपस या संशोधन-नियतकालिकांच्या सूचीत शिरायचे तर सारांश इंग्रजीत आणि संदर्भ रोमन लिपीत द्यावे लागतात, यावर मराठी प्राध्यापक चिडतात, आणि रास्तच चिडतात. पण वारलीचा विषय निघाला की आपणही ‘बोलीच ती’ म्हणून तिचे शब्द प्रमाण मराठीत बसवून मोकळे होतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात ठरलेल्या भाषेला हे शोभत नाही.

वारली मजकूर तपासणार कोण, ही अडचण त्यातल्या त्यात खरी. पण डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतल्या पाड्यांवरून पदवी घेतलेली मुले-मुली आज आहेत. त्यांना आपण ‘माहितगार’ म्हणून मुलाखतीला बसवतो, मसुदा दाखवत नाही. तो छापण्याआधी अशा एखाद्या शिकलेल्या नातीकडे जावा, तिने तो धवळे येणाऱ्या आजीला वाचून दाखवावा, आणि दोघींनी सुचवलेल्या दुरुस्त्या, त्यांची हरकत नसेल तर, त्यांच्या नावानिशी तळटिपेत याव्यात.